गौरव कोणाचा आणि कशाचा?

आपल्या समाजास गुणगौरवाची हौस नाही, असा आरोप आपला वैरीही करणार नाही. गावोगाव सभा भरतात, व्यासपीठ सजते, अध्यक्षांच्या खांद्यावर शाल पडते आणि हाती श्रीफळ येते. मग प्रमुख पाहुण्यांचा सत्कार होतो, मग देणगीदारांचा, मग पाहुण्यांसोबत आलेल्या पाहुण्यांचा. आणि सभा संपत आली म्हणजे चिटणीस उठून, ज्या ज्ञात-अज्ञात हातांनी ह्या कार्यास साहाय्य केले त्या सर्वांचे आभार एका वाक्यात मानून मोकळे होतात. वस्तुतः कार्य ज्यांच्यामुळे उभे राहिले ते लोक बहुधा ह्या शेवटच्या वाक्यातच असतात. हिशेब कोणी लिहिला, मुद्रिते कोणी तपासली, चार वेळा हेलपाटे घालून परवानगी कोणी आणली, हे सभेस कळत नाही व कळावे असे कोणास वाटतही नाही. आपल्या गौरवाची ओढ पदाकडे आहे. कामाकडे ती क्वचितच वळते.

हा दोष सभासमारंभापुरता असता तर त्यावर मासिकाची पाने खर्च करण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु आज मराठीत असे एक ग्रंथकार्य चालले आहे की ज्यात वेतन नाही, मानधन नाही, पदे म्हणावी तर नावापुरती, आणि काम करणाऱ्यास मिळण्याजोगे काही असेल तर ती केवळ सहकाऱ्यांची ओळख. हे कार्य म्हणजे मराठी विकिपीडिया. गौरवाची रीत चुकली तर सभेचा फार तर एक तास वाया जातो. येथे ती चुकली तर ग्रंथच अपुरा राहतो. म्हणून ह्या कार्याच्या निमित्ताने, विनावेतन काम करणाऱ्यांचा गौरव कसा करावा, ह्या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचे योजिले आहे.

विकिपीडिया हा ज्ञानकोश इंग्रजीत जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला. त्याची मराठी आवृत्ती १ मे २००३ पासूनची. ह्या कोशात कोणीही लिहावे, कोणीही दुसऱ्याचे लिहिलेले सुधारावे, असा नियम आहे. जेथे लेखक मंडळी आपसांत विचारविनिमय करतात त्या पानास मराठी सभासदांनी 'चावडी' हे अगदी आपल्या मातीतले नाव दिले आहे, आणि व्यवस्था पाहणाऱ्यांस ते 'प्रचालक' म्हणतात. आजमितीस ह्या कोशात सुमारे १ लाख लेख आहेत. २०११ च्या जनगणनेत मराठी ही आपली मातृभाषा सांगणारे लोक ८ कोटी ३० लाख होते. पण महिन्यातून एकदा तरी ज्यांचा हात ह्या कोशात चालतो असे सभासद मोजावयास बसलो तर ते काही शेकड्यांच्या वर जात नाहीत. आणि त्यांतही नित्यनेमाने लिहिणारे फारच थोडे. शाळेतला मुलगा निबंधासाठी, त्याचे वडील एखाद्या औषधाच्या माहितीसाठी आणि आजोबा एखाद्या क्षेत्राच्या इतिहासासाठी जे पान उघडतात, ते ह्या मूठभर लोकांच्या फावल्या वेळातून आलेले असते.

आता ह्या लोकांचे नाव कोठे दिसते ते पाहू. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या संपादकत्वाखाली वाईस सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यात नोंदीच्या अखेरीस ती लिहिणाऱ्याचे नाव येते. विकिपीडियात लेखाखाली नाव नसते. पानाच्या माथ्यावरील 'इतिहास' ह्या शब्दावर बोट ठेवले म्हणजे, हे पान कोणी कोणत्या दिवशी आरंभिले, कोणी त्यात वेलांटी सुधारली, कोणी आधार जोडला, ह्याची क्षणाक्षणाची यादी उघडते. इतकी काटेकोर वंशावळ पूर्वी कोणत्याही ग्रंथास लाभली नव्हती. आणि तरी ती वाचणारा वाचक विरळा. नोंद आहे, पण ओळख नाही. नोंद यंत्र करते. ओळख माणसाने करावी लागते. प्रस्तुत विषयाचे सारे मर्म ह्या भेदात आहे.

यंत्र काय मोजते? कोणी किती लेख आरंभिले आणि कोणी किती वेळा हात फिरवला, एवढेच. आणि जे मोजता येते तेच मोलाचे मानण्याची खोड आपणां सर्वांस आहे. निरनिराळ्या भाषांतील विकिपीडियांची तुलना करताना लोक पहिल्याने लेखांची संख्याच विचारतात. ह्या संख्येच्या उपासनेचे फळ पाहावयाचे असेल त्याने आमच्या जिल्ह्यातील खेड्यापाड्यांची पाने उघडून पाहावीत. अहमदनगर म्हणजे २०२४ पासूनचे अहिल्यानगर, क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा, तालुके १४. ह्यांत एकीकडे सह्याद्रीच्या कुशीतले, पावसाने झोडपलेले अकोले, तर दुसरीकडे पावसाची वाट पाहणारे पाथर्डी आणि जामखेड. परंतु अनेक गावांच्या पानांवर मथळे तेच, हवामानाची वाक्ये तीच, लोकजीवन आणि प्रेक्षणीय स्थळे ह्या मथळ्यांखाली बहुधा काहीच नाही. एका गावाचे नाव पुसून तेथे दुसऱ्याचे घातले तरी पानास त्याचे सुखदुःख नाही. अशा पानांना लेख म्हणावयाचे ते केवळ गणतीत धरले जातात म्हणून. ज्यांनी ती केली त्यांचा हेतू वाईट होता असे आम्हांस म्हणावयाचे नाही. आज जागा राखून ठेवावी, उद्या कोणी भरील, असा सद्हेतूच त्यामागे असेल. पण संख्या वाढविणाऱ्याचे श्रम दिसतात आणि एकच पान महिनाभर खपून खरे करणाऱ्याचे श्रम दिसत नाहीत, अशा ठिकाणी दुसऱ्या प्रकारची माणसे कमी होत गेली तर नवल कसले?

विकिपीडियाच्या सभासदांस ही उणीव जाणवली नाही असे नाही. यंत्राच्या मोजदादीस उतारा म्हणून त्यांनी एक सुंदर चाल पाडली आहे. अमेरिकेतील खेड्यांत शेतावरच्या कोठारांना शोभेसाठी पाच टोकांची चांदणी लावतात; तिचे चित्र एका सभासदाने दुसऱ्याच्या पानावर दोन शब्दांसह ठेवावयाचे, हा तेथला मानाचा विडा. तो देण्यास कोणाची परवानगी लागत नाही व तो घेऊन बाजारात काही मिळतही नाही. शिवाय २०१३ पासून एखाद्याच्या एका विशिष्ट दुरुस्तीबद्दल त्यास 'धन्यवाद' कळविण्याची सोयही झाली आहे.

असल्या चित्रातल्या चांदणीचे मोल ते किती, असे कोणी म्हणेल. ह्या प्रश्नाचा निकाल तर्काने लावण्याची गरज उरलेली नाही, कारण त्यावर प्रयोग झाले आहेत. रेस्टिव्हो आणि व्हॅन डी राइट ह्या दोन समाजशास्त्रज्ञांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, इंग्रजी विकिपीडियावर सर्वाधिक काम करणाऱ्या शेकडा एक लोकांतून, पूर्वी कधी चांदणी न मिळालेले २०० सभासद घेतले. त्यांतील १०० जणांस चिठ्ठी टाकून निवडावे तशी ती दिली, उरलेल्यांस दिली नाही. पुढील ९० दिवसांत पहिल्यांचे काम दुसऱ्यांच्या मानाने शेकडा ६० ने अधिक भरले. ज्यांना काही नको असे आपण समजतो, त्या मुरलेल्या सेवकांवरही एका चित्राचा हा परिणाम!

पण ह्याच संशोधकांनी २०१४ साली दुसरा प्रयोग प्रसिद्ध केला, आणि तो पहिल्यापेक्षा अधिक विचार करावयास लावणारा आहे. ह्या वेळी त्यांनी कमी काम करणाऱ्यांसही तशाच चांदण्या वाटून पाहिल्या. त्यांचे काम वाढले नाही. उलट, त्यांतील टिकून राहणाऱ्यांचे प्रमाण कमी आढळले. ह्यावरून नवख्यास शाबासकी देऊच नये असा निष्कर्ष काढण्यास कोणी धावेल, तर त्याने याना गालुस ह्या विदुषीचा २०१७ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहावा. जर्मन विकिपीडियावर सुमारे ४,००० नवागतांपैकी काहींस तिने एका ठरलेल्या सन्मानाने गौरविले. पुढच्या महिन्यात काम करीत राहणाऱ्यांचे प्रमाण शेकडा २० ने वाढले, आणि हा परिणाम वर्षभर दिसत राहिला.

ह्या दोन निकालांची संगती कशी लावावयाची? आमच्या मते गौरव हा शब्द एक असला तरी वस्तू दोन आहेत. काही विशेष न करता अंगावर आलेली स्तुती शहाण्या माणसास सुखवीत नाही. आपण काय केले हे न पाहताच आपणांस शाबासकी मिळाली, असे त्याच्या मनात येते आणि त्या शाबासकीबरोबर ती देणाऱ्या मंडळीचीही किंमत उतरते. परंतु नुकत्याच आलेल्या माणसास, तू केलेले हे पाहिले गेले, आमच्यांत तुझी गणना झाली, असे कळले की त्याचा पाय तेथे ठरतो. पहिली वस्तू खिरापत, दुसरी ओळख. खिरापत सर्वांस सारखी वाटता येते. ओळख देण्यापूर्वी कोणीतरी वाचावे लागते.

येथे आपल्याकडचा एक वजनदार आक्षेप उभा राहील. खरा सेवक फळाची अपेक्षा करीत नाही. त्यास गौरवाची लालूच दाखविणे म्हणजे त्याच्या निष्काम सेवेस कलंक लावणे होय. जो शाबासकी नाही म्हणून काम सोडतो, त्याचे काम कोणास हवे? हा आक्षेप आपल्या संस्थांच्या चालकांस फार सोयीचा पडतो, कारण त्याच्या आधारे दुसऱ्याच्या श्रमाविषयी मौन पाळता येते. त्यास उत्तर शोधावयास दूर जावे लागत नाही. आमच्याच जिल्ह्यात प्रवरेच्या काठी नेवासे आहे. गीतेवरील मराठीतील सर्वश्रेष्ठ टीका तेथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, सिद्ध झाली. ज्या गीतेने निष्काम कर्माचा उपदेश केला तिची ही टीका संपते कशी? ग्रंथाच्या अखेरीस काळ सांगितला आहे, कर्त्याचे नाव सांगितले आहे, आणि त्यांच्याच पंक्तीला ती लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचे नावही ठेविले आहे. त्यांनी कोणते काम केले आणि ते कोणत्या भावाने केले, हे दोन्ही तेथे सांगितले आहे. विशेषणांची आरास नाही आणि ज्ञात-अज्ञात हातांचा मोघम उल्लेखही नाही. सात शतकांहून अधिक काळ लोटला. ज्ञानेश्वरी जेथे जेथे पोचली तेथे तेथे एका लेखनिकाचे नावही पोचले.

ह्यावरून आक्षेपाचे उत्तर निघते. फळाची आशा धरू नये हा उपदेश कर्म करणाऱ्यास आहे. फळ खाणाऱ्याने झाड कोणी लावले हे विचारू नये, असा त्याचा अर्थ नाही. निष्कामता हा सेवकाचा गुण आहे. कृतज्ञता हे समाजाचे ऋण आहे. पहिल्याचा दाखला देऊन दुसरे बुडविणे, ह्यास अध्यात्म म्हणत नाहीत.

मात्र त्या आक्षेपात सत्याचा एक अंश आहे व तो टाकून चालणार नाही. गौरव जेव्हा आमिष बनतो तेव्हा तो कामाची गोडी खरोखरच मारतो. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट ह्या तीन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी, रंगीत पेनांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली शिशुशाळेतील मुले निवडली. काहींस, चित्र काढाल तर प्रशस्तिपत्र मिळेल, असे आधी सांगितले. काहींस आधी न सांगता मागाहून ते दिले. काहींस काहीच दिले नाही. काही दिवसांनी पाहतात तो आधी बोली केलेली मुले त्या पेनांकडे इतरांपेक्षा कमी वळू लागली होती. अनपेक्षितपणे प्रशस्तिपत्र मिळालेल्यांची गोडी मात्र कमी झाली नव्हती. कागद तोच; आधी दाखविला तर मजुरी झाली, मागाहून दिला तर कौतुक झाले. लेखांच्या संख्येवर बक्षिसे लावून ज्या स्पर्धा भरविल्या जातात त्यांच्या चालकांनी हा प्रयोग डोळ्यांपुढे ठेवावा. स्पर्धेच्या महिन्यात पाने वाढतील; प्रश्न त्यानंतरच्या महिन्याचा आहे.

आमच्या जिल्ह्याने ह्या बाबतीत दोन चांगले धडे घालून दिले आहेत. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे ह्यांस २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. देशी वाणांची बियाणी जतन करण्याचे त्यांचे काम त्यापूर्वी कित्येक वर्षे चालले होते. दिल्लीचे पदक डोळ्यांपुढे ठेवून कोणी वालाचे बी मडक्यात राखीत नाही. पदक कामाच्या मागून आले, म्हणून ते शोभले. दुसरा धडा हिवरे बाजारचा. तेथील पोपटराव पवार ह्यांसही त्याच वर्षी तोच किताब जाहीर झाला, आणि तो योग्यच होता. पण आम्हांस त्याहूनही मोलाची वाटते ती त्या गावची एक चाल. पाऊस किती पडला, पाणी किती आहे, पिण्यास किती राखावयाचे व शेतीस किती द्यावयाचे, ह्याचा ताळेबंद तेथे ग्रामसभेपुढे मांडला जातो. ज्याने श्रमदानात पाट्या वाहिल्या तो माणूस त्या आकड्यांत आपल्या घामाचे काय झाले ते ऐकतो. त्याच्या गळ्यात हार पडत नाही. पण आपला श्रम कोठे जिरला हे त्यास समजते. कित्येकांस एवढी ओळख पुरते आणि पुढच्या वर्षी पाटी पुन्हा उचलावीशी वाटते.

ह्या कसोट्या लावून मराठी विकिपीडियाच्या व्यवहाराकडे पाहिले तर काय करावे हे स्पष्ट होते. पहिली गोष्ट, नवागताचे स्वागत. नव्या सभासदाच्या पानावर स्वागताचा एक ठरावीक मजकूर ठेवण्याची तेथे पद्धत आहे. तो असावा, पण तो खिरापतीच्या जातीचा आहे हे विसरू नये. त्याखाली जुन्या सभासदाने स्वतःचे एकच वाक्य लिहावे: आपण अमुक गावच्या बंधाऱ्याविषयी जोडलेली माहिती वाचली, आधारही योग्य दिला आहे. ह्या वाक्यास अर्धे मिनिट लागते, पण ते लिहिण्यापूर्वी नवागताचे लिखाण वाचावे लागते. आणि त्याचे सारे मोल ह्या वाचण्यातच आहे. दुसरी गोष्ट, चूक दाखविण्याची रीत. नवख्याचे लिखाण पुसावे लागते, हे खरे. तसे न केले तर कोश बिघडेल. पण कारण न सांगता पुसलेली ओळ आणि कारण सांगून सुधारलेली ओळ ह्यांत माणूस गमावणे आणि माणूस मिळविणे एवढे अंतर आहे. चूक समजावून सांगणे हाही गौरवच होय, कारण समोरचा सुधारण्याच्या योग्यतेचा आहे अशी त्यात कबुली असते.

तिसरी गोष्ट, शुद्धिकारांची. आरंभ करणाऱ्याचे नाव होते. दुरुस्त करणाऱ्याचे होत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्या कामात स्वतःची एक ओवी घालण्यापेक्षा शिरलेले अपपाठ काढणे हेच मोठे होते, आणि मराठी माणसाने त्याबद्दल त्यांचे ऋण आजवर मानले आहे. मग ज्याने शेकडो पानांवरची चुकीची सनावळ नीट केली, जिल्ह्याचे नाव पालटल्यावर जुन्या-नव्या नावांचा मेळ घातला, त्याच्या पानावर चांदणी का पडू नये? चौथी गोष्ट आमच्या व्यवसायबंधूंसाठी. अलीकडे महाविद्यालयांत विद्यार्थ्यांकडून विकिपीडियावर लेखन करविण्याचा उपक्रम काही ठिकाणी चालतो. त्यात गुण द्यावयाचे तर पानांच्या संख्येवर देऊ नयेत. एका विद्यार्थ्यास एकच गाव द्यावे. १८८४ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरातील आमच्या जिल्ह्याचा खंड, जनगणनेची पुस्तके, गावाविषयी छापले गेलेले इतर साहित्य त्याने चाळावे, आणि त्या कोऱ्या मथळ्यांखाली आधारासह दहा खऱ्या ओळी लिहाव्यात. त्या दहा ओळी अध्यापकाने वाचाव्यात व त्यांतील कोणती ओळ चांगली उतरली ते वर्गात नाव घेऊन सांगावे. गुणपत्रिका कपाटात जाते. ही एक ओळ विद्यार्थी विसरत नाही.

वाचकाचे काही कर्तव्य आहे की नाही? आहे, आणि ते सर्वांत सोपे आहे. ज्या पानाने आपले काम झाले त्याचा 'इतिहास' एकदा उघडून पाहावा, ते कोणी रचिले त्याचे नाव वाचावे, आणि जमेल तर दोन शब्द कळवावेत. आपल्या भाषेत ज्ञानाची साधने तोकडी आहेत अशी तक्रार आपण घरोघर करतो. ती साधने वाढविण्यास पैसा लागतो, शासन लागते, विद्वान लागतात, हे सर्व खरे. परंतु जे थोडे लोक आज आपण होऊन हे काम करीत आहेत ते उद्याही करीत राहावेत, ह्यास ह्यांतले काहीच लागत नाही. त्यांनी लिहिलेले कोणी तरी मन लावून वाचले आहे, एवढे त्यांस कळावे लागते.